मेल सर्व्हरवर कॉम्प्रेशन: प्रोसेसरला दोष देण्याआधी लिंक आणि मेमरी मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. आयमॅप सर्व्हरवर (जिथे मेल साठते आणि क्लायंट, म्हणजे मेल प्रोग्राम, तिथून वाचतात) १,२०० खाती आहेत. मशीन ८ कोअरचं, मेमरी १६ गीगाबाइट. मुख्य कार्यालयातले साधारण हजार लोक गिगाबिट लॅनवर, दोन शाखांत मिळून दोनशे लोक, प्रत्येक शाखेला २० मेगाबिटची लिंक, आणि जवळपास प्रत्येकाच्या फोनवर मेल. शाखांची तक्रार अशी की मेल उघडायला फार वेळ लागतो. कॉम्प्रेशन (जाणारा माल दाबून लहान करणं) चालू करून पाहिलं, तर चार दिवसांनी सकाळी लोड, म्हणजे धावणाऱ्या आणि खोळंबलेल्या प्रोसेसची सरासरी, १४ वर गेला, म्हणून घाबरून बंद केलं. आता लिंक वाढवायची, प्रोसेसर वाढवायचा, की कॉम्प्रेशनचा नाद सोडायचा?

नाद सोडू नका, पण सगळ्यांना सरसकट देऊही नका. शाखा आणि फोन यांच्यासाठी कॉम्प्रेशन ठेवा, लॅनवरच्या मंडळींसाठी बंद ठेवा, आणि लेव्हल १ ते ३ च्या पुढे जाऊ नका. प्रोसेसर आत्ता घेऊ नका. तो १४ चा लोड प्रोसेसर कमी पडल्यामुळे आला असं मला वाटत नाही, माझा संशय मेमरीवर आहे. कारणं सांगतो.

आयमॅपमधलं कॉम्प्रेशन म्हणजे ऑगस्ट २००७ चा आरएफसी (इंटरनेटचं मानक-पत्रक) ४९७८. क्लायंट ‘कॉम्प्रेस डिफ्लेट’ अशी आज्ञा देतो, सर्व्हर होकार देतो, आणि त्या क्षणापासून दोन्ही दिशांचा प्रवाह डिफ्लेटमधून जायला लागतो. डिफ्लेट म्हणजे दोन जुन्या कल्पनांची जोडी. मागे येऊन गेलेला तुकडा पुन्हा आला की तो परत न लिहिता त्याच्याकडे बोट दाखवायचं, ही १९७७ ची लेंपेल-झिव्ह पद्धत. आणि वारंवार येणाऱ्या चिन्हाला कमी बिट द्यायचे, ही १९५२ ची हफमन पद्धत. प्रोसेसरचा वेळ जातो तो मुख्यतः पहिल्या कामात, म्हणजे मागच्या ३२ किलोबाइटमध्ये सगळ्यात लांब जुळणारा तुकडा शोधण्यात. लेव्हल म्हणजे त्या शोधाची चिकाटी, दुसरं काही नाही.

ही चिकाटी किती कामाची, याचा अंदाज यावा म्हणून एक नमुना घेऊ. सिलेसिया हा कॉम्प्रेशन तपासायला सर्रास वापरला जाणारा सुमारे २१२ मेगाबाइटचा फाइलसंच आहे. डिफ्लेट चालवणारी लायब्ररी झेडलिब, तिच्या लेव्हल १ वर तो साधारण ७७ मेगाबाइट होतो, लेव्हल ६ वर ६८, आणि लेव्हल ९ वर ६८ च्या किंचित खाली. लेव्हल १ हे ६ च्या साधारण तिप्पट वेगानं चालतं आणि ९ ला ६ च्या दुपटीहून जास्त वेळ लागतो. म्हणजे १ वरून ६ वर गेलात तर तिप्पट मेहनत करून नऊ मेगाबाइट वाचतात, आणि ६ वरून ९ वर गेलात तर त्याच्या दुपटीहून जास्त मेहनत करून एक मेगाबाइटही वाचत नाही. जिवंत जोडणीवर लेव्हल ९ लावणं मला कधीच पटलेलं नाही.

आता तुमचे आकडे. हा हिशेब लोक खात्यांपासून सुरू करतात: इतकी खाती, इतक्या जोडण्या, मग प्रत्येकी इतका प्रोसेसर. पण दाबायला माल किती येणार हे लिंक ठरवते, म्हणून हिशेब लिंकपासून सुरू करायला हवा. २० मेगाबिट म्हणजे सेकंदाला अडीच मेगाबाइट. दोन्ही शाखा एकाच वेळी काठोकाठ भरल्या तरी तारेवरून जाणार सेकंदाला पाच मेगाबाइट. मजकूर दाबून एक तृतीयांश होतो असं धरलं, तर त्यासाठी दाबायचा कच्चा माल झाला सेकंदाला १५ मेगाबाइट. एक कोअर लेव्हल ६ ला सेकंदाला ३० मेगाबाइट आणि लेव्हल १ ला ९० मेगाबाइट दाबतो असं धरू. आजचे बरेच प्रोसेसर याहून थोडं जास्तच देतात. म्हणजे दोन्ही लिंक तुडुंब भरल्या असताना लेव्हल ६ ला अर्धा कोअर लागेल, लेव्हल १ ला कोअरचा सहावा हिस्सा. तुमच्याकडे कोअर आठ आहेत. आणि याहून जास्त प्रोसेसर तिथे जाऊच शकत नाही, कारण लिंक त्यापलीकडे माल उचलत नाही. सॉकेटचा बफर भरतो, प्रोसेस वाट बघत थांबते, डिफ्लेटही थांबतं. अरुंद लिंक स्वतःच प्रोसेसरच्या खर्चावर झाकण ठेवते. फोन ज्या इंटरनेट जोडणीतून आत येतात तिचा हिशेबही याच पद्धतीनं करा.

लॅनवर हे झाकण नाही. गिगाबिट म्हणजे सेकंदाला १२५ मेगाबाइट. कुणी नवा संगणक लावला आणि थंडरबर्ड या मेल प्रोग्रामनं सगळा मेलबॉक्स खाली ओढायला घेतला, की लेव्हल ६ वर ती एक जोडणी एक अख्खा कोअर धरून बसते, आणि थंडरबर्ड डीफॉल्टनं एका खात्यासाठी पाच जोडण्या उघडू शकतं. बरं, एवढं करून त्या माणसाला फायदा? १०० मेगाबाइट मजकूर लॅनवर न दाबता एका सेकंदाच्या आत जातो. लेव्हल ६ नं दाबायला गेलात तर दाबण्यातच तीन सेकंदांहून जास्त जातात. तोच मजकूर २० मेगाबिटच्या शाखेत न दाबता ४० सेकंद घेतो आणि लेव्हल १ नं दाबून १५ सेकंदांच्या आत पोचतो. दाबणारा जोवर लिंकपेक्षा वेगवान आहे तोवरच दाबण्यात अर्थ आहे. तुमच्या सर्व्हरला शाखांच्या बाजूनं ती अट सहज पुरी होते, लॅनच्या बाजूनं होत नाही.

पण ‘मजकूर एक तृतीयांश होतो’ हे मी वर सहज लिहून गेलो, ते तपासायला हवं. आयमॅपवरून चार तऱ्हांचा माल वाहतो: सर्व्हरची स्वतःची उत्तरं, हेडर, मजकूर आणि अटॅचमेंट. सर्व्हरची उत्तरं आणि फोल्डरच्या याद्या उत्तम दबतात, त्यांत तेच तेच शब्द असतात. सजवलेली एचटीएमएल मेल तर याहून छान दबते, कारण तिच्यात खऱ्या मजकुरापेक्षा टॅग आणि स्टाइलचं ओझंच जास्त. हेडर पूर्वी फार चांगले दबायचे, आता तितके नाही. मेल खरी असल्याची खूण म्हणून सर्व्हर जोडतात त्या डीकेआयएम आणि एआरसी यांच्या सह्या प्रत्येक मेलला वेगळ्या असतात आणि त्यांत पुनरावृत्ती औषधालाही नसते.

अटॅचमेंटचं प्रकरण जरा नीट समजून घ्या, कारण तिथे दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. फोटो, पीडीएफ, झिप, आणि आजच्या ऑफिस फाइल (त्याही आतून झिपच) आधीच दाबलेल्या असतात, म्हणून त्यांना पुन्हा दाबून काही मिळत नाही असं सगळे सांगतात. ते अर्धंच खरं आहे. मेलमधून अटॅचमेंट जाते ती बेस६४ होऊन, म्हणजे ६४ साध्या अक्षरांत लिहून. तीन बाइटचे चार होतात, शिवाय दर ७६ अक्षरांना ओळ तुटते, म्हणजे ५७ बाइटच्या जागी ७८. सुमारे ३७ टक्के फुगवटा. डिफ्लेट आतल्या फोटोला हात लावू शकत नाही, पण हा फुगवटा जवळजवळ पूर्ण परत घेतं, कारण ६४ चिन्हांना आठ बिटांची गरज नाही, सहा पुरतात, आणि ते काम हफमनचं आहे. म्हणजे फोटोच्या अटॅचमेंटवरही तारेवरचे साधारण चतुर्थांश बाइट वाचतात. या मालात लांब जुळणी शोधणारी चिकाटी मात्र वाया जाते, कारण जुळण्यासारखं तिथे काही नाही. म्हणून लेव्हल १ आणि ९ यांचा निकाल इथे जवळजवळ सारखाच येतो. मी कमी लेव्हलचा आग्रह धरतो त्याचं हे मुख्य कारण आहे.

अटॅचमेंटचा दुसरा त्रास कमी लोकांच्या लक्षात येतो. डिफ्लेटची आठवण ३२ किलोबाइटची. दोन मेगाबाइटचा फोटो मधून गेला की त्याआधी जमवलेली हेडरची, टॅगची सगळी ओळख पुसली जाते, आणि पुढची मेल पुन्हा पहिल्यापासून. म्हणून खऱ्या मेलबॉक्सवरचा नफा नमुना फाइलवरच्या नफ्यापेक्षा कमी येतो. माझ्या अनुभवात एक तृतीयांश हे मजकुराचं स्वप्न म्हणून ठीक आहे, अटॅचमेंटसकट सगळं धरलं तर निम्म्याच्या आसपास धरून चालावं. वरच्या हिशेबात निम्मं धरलंत तर कच्चा माल आणखी कमी होतो, म्हणजे प्रोसेसरचा खर्चही कमीच.

देवनागरीत पत्रव्यवहार करणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, मला तिचं फार अप्रूप आहे. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. तीच मेल कोटेड-प्रिंटेबलमध्ये (साध्या अक्षरांत लिहिण्याची दुसरी पद्धत) गेली तर प्रत्येक बाइटचे तीन, म्हणजे एका ‘क’ ला नऊ बाइट. बेस६४ मध्ये गेली तर फक्त चार. कागदावर बेस६४ स्वस्त दिसतं. पण दाबायला घेतलं की पारडं फिरतं. कोटेड-प्रिंटेबलमध्ये प्रत्येक चिन्हाची सुरुवात ‘=ई०=ए४’ किंवा ‘=ई०=ए५’ अशीच होते आणि एखादा शब्द दहा वेळा आला तर दहाही वेळा जवळपास तसाच्या तसा लिहिला जातो. डिफ्लेटला आणखी काय हवं! बेस६४ मध्ये बाइट तीन-तीनच्या गटानं घेतले जातात. चिन्हं तीन बाइटची आहेत तोवर ठीक, पण मध्ये एका बाइटची मोकळी जागा आली की गट सरकतात. मग ‘आणि’ हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या रूपांत उमटतो, आणि डिफ्लेटला ते तीन परके शब्द वाटतात. त्यामुळे देवनागरी मजकुराची कच्ची आकारमानं पाहून कॉम्प्रेशनच्या फायद्याचा अंदाज बांधू नका, दाबून बघा. मजकूर थेट आठ बिटांत पाठवता आला तर दोन्ही कटकटी टळतात आणि आज बहुतेक सर्व्हर ते स्वीकारतात.

आता मेमरी. ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो तो भाग हा.

झेडलिब दाबण्यासाठी एका जोडणीला साधारण २५६ किलोबाइट घेतं. ते कुठे जातात हे सरळ आहे: खिडकी ३२ किलोबाइटची, पण सोयीसाठी दुप्पट ठेवलेली, म्हणून ६४. मागच्या जुळण्यांची साखळी ६४. हॅशचा तक्ता ६४. बाहेर जाणाऱ्या मालाचा बफर ६४. क्लायंटकडून येणारं उघडायला आणखी चाळीसेक किलोबाइट. म्हणजे जोडणीमागे सुमारे ३०० किलोबाइट. तुमच्याकडे १,२०० लोक, प्रत्येकाच्या डेस्कटॉपच्या पाच जोडण्या आणि फोनच्या दोन धरल्या तर ८,४०० जोडण्या. सगळेच क्लायंट कॉम्प्रेशन मागत नाहीत, पण वाईटात वाईट धरू. अडीच गीगाबाइट. त्यातल्या बहुतांश जोडण्या दिवसभर ‘आयडल’ मध्ये नवीन मेलची वाट बघत पडून असतात, तरी पहिल्या सिंकमध्ये एकदा वापरलेली मेमरी त्या सोडत नाहीत.

आणि महत्त्वाचं म्हणजे हे ३०० किलोबाइट लेव्हलवर अवलंबून नाहीत. ते खिडकीच्या आणि तक्त्याच्या आकारावर ठरतात. लेव्हल ९ वरून १ वर आलात तरी मेमरी तेवढीच लागते.

एका संस्थेत मी हे प्रत्यक्ष पाहिलं आहे. त्यांनी कॉम्प्रेशन चालू केलं, चारपाच दिवसांत सकाळचा लोड चढायला लागला. त्यांच्या माणसानं लेव्हल ६ वरून ३ केली, मग १ केली. काही फरक नाही. मग प्रोसेसर बदलायचा प्रस्ताव तयार झाला आणि त्यावर सही होण्याआधी मला बोलावलं. मी दहा वाजता व्हीएमस्टॅट (प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांचे आकडे दाखवणारी आज्ञा) लावून बसलो. प्रोसेसरच्या स्तंभांतला पहिला ‘यूएस’, म्हणजे प्रोग्रामांनी खरोखर वापरलेला प्रोसेसर: २० च्या आतबाहेर. ‘डब्ल्यूए’, म्हणजे डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ: ५० च्या वर. लोड चढलेला आणि प्रोसेसर बसून! लिनक्सचा लोड अॅव्हरेज धावणाऱ्या प्रोसेसबरोबर डिस्कसाठी अडकून पडलेल्या प्रोसेसही मोजतो, हे माहीत असूनही घाईत विसरलं जातं. मग ‘फ्री’ ही मेमरी दाखवणारी आज्ञा बघितली. कॉम्प्रेशन लावण्याआधी जी मेमरी फाइलींच्या कॅशला मिळत होती तिचा मोठा तुकडा आयमॅप प्रोसेसनी खाल्ला होता. कॅश आक्रसली, म्हणून पूर्वी मेमरीतून मिळणाऱ्या इंडेक्स फाइली आता दर वेळी डिस्कवरून येत होत्या. सकाळी सगळे एकदम मेल उघडतात तेव्हा डिस्कची रांग लागायची. दाबण्याचा खर्च होताच, पण तो असा आडवाटेनं मेमरीतून वसूल होत होता. त्यांनी लॅनवरच्या क्लायंटांचं कॉम्प्रेशन काढलं, लोड उतरला, प्रोसेसरचा प्रस्ताव फायलीत राहिला.

तुमचा लोडही चालू केल्याबरोबर चढला नाही, चार दिवसांनी चढला. प्रोसेसर कमी पडत असता तर पहिल्याच सकाळी कळलं असतं. मेमरी हळूहळू भरते, म्हणून माझा संशय तिथे आहे. पण संशयावर जाऊ नका, तपासा. सकाळच्या गर्दीत तीन गोष्टी बघा: व्हीएमस्टॅटमधले ‘यूएस’ आणि ‘डब्ल्यूए’, ‘फ्री’ मधली कॅश, आणि सर्व्हर व्हर्च्युअल मशीनवर असेल तर ‘एसटी’ हा स्तंभ. ‘एसटी’ मोठा असेल तर तुमचा प्रोसेसर शेजारची मशीनं पळवत आहेत आणि कॉम्प्रेशनचा त्याच्याशी संबंध नाही. ‘यूएस’ खरंच मोठा निघाला तर ‘पर्फ टॉप’ चालवा, प्रोसेसर कुठल्या फंक्शनमध्ये जातोय ते ते दाखवतं. वर ‘लाँगेस्ट_मॅच’ किंवा ‘डिफ्लेट_स्लो’ दिसलं तर दाबणंच खातंय. ‘डिफ्लेट_स्लो’ हे फंक्शन लेव्हल ४ पासून पुढे चालतं, १ ते ३ साठी ‘डिफ्लेट_फास्ट’ वेगळं आहे, त्यामुळे लेव्हलचा बदल खरोखर लागू झाला का हेही तिथेच कळतं. ‘इन्फ्लेट’ (दाबलेलं उघडणारं फंक्शन) वर असेल तर डिस्कवर दाबून ठेवलेल्या मेल उघडण्यात वेळ जातोय. आणि हे काहीच नसून बेस६४ उलगडणं, अक्षरसंच बदलणं असलं काही वर दिसलं, तर कुणीतरी फोनवरून पूर्ण मेलबॉक्सच्या मजकुरात शोध लावलेला असतो आणि सर्व्हरवर शोधाचा इंडेक्स नसतो. हा तिसरा प्रकार मला सगळ्यात जास्त वेळा भेटला आहे.

टीएलएसचा, म्हणजे जोडणीवरच्या एन्क्रिप्शनचा, खर्च प्रोसेसरच्या हिशेबात धरायची सवय अजून अनेकांना आहे. २०१० पासूनच्या प्रोसेसरांत एईएससाठी वेगळ्या सूचना आल्या, आणि आता एक कोअर सेकंदाला गीगाबाइटच्या घरात एन्क्रिप्ट करतो. डिफ्लेटच्या तुलनेत तो खर्च नगण्य आहे, शिवाय आधी दाबल्यामुळे एन्क्रिप्ट करायला बाइटही कमी उरतात. क्रम मात्र तोच हवा: आधी दाबणं, मग एन्क्रिप्शन. एन्क्रिप्ट झालेला माल दबत नाही.

सुरक्षेचा मुद्दा इथेच येतो. टीएलएसच्या आतलं स्वतःचं कॉम्प्रेशन कुठे चालू असेल तर ते आधी बंद करा. २०१२ मध्ये ज्युलियानो रिझो आणि थाई डुओंग यांनी क्राइम हा हल्ला दाखवला. हल्लेखोरानं स्वतःचा मजकूर आणि तुमचं गुपित एकाच खिडकीत दाबायला लावलं, तर बाहेर पडणाऱ्या पाकिटाच्या लांबीवरून गुपिताचा अंदाज लागतो. पुढे टीएलएस १.३ नं २०१८ मध्ये कॉम्प्रेशन काढूनच टाकलं. आयमॅपचं कॉम्प्रेशन वेगळ्या थरावर आहे. डव्हकॉटसारखे आयमॅप सर्व्हर ते लॉगिननंतरच देऊ करतात, त्यामुळे पासवर्ड त्या खिडकीत येत नाही. पण हल्लेखोर तुम्हाला मेल पाठवू शकतो, आणि तीच व्यक्ती तुमची लिंकही बघू शकत असेल, तर तत्त्वतः तोच धोका उरतो. त्याला दोन्ही गोष्टी एकत्र साधाव्या लागतात आणि अनेकदा साधाव्या लागतात, म्हणून साध्या कार्यालयासाठी मी हा धोका स्वीकारतो. ज्यांच्या मेलवर पाळत असण्याची खरी शक्यता आहे अशांना मी कॉम्प्रेशन देत नाही, लिंक वाढवायला सांगतो. व्हीपीएनमधल्या कॉम्प्रेशनलाही हेच लागू आहे, २०१८ मध्ये व्होरॅकल या नावानं तसाच हल्ला दाखवला गेला. शाखांची लिंक व्हीपीएनवर असेल तर तिथलं कॉम्प्रेशन बंदच ठेवा, दोनदा दाबून काही मिळतही नाही.

एसएमटीपीचं, म्हणजे मेल पाठवण्याच्या पद्धतीचं, थोडक्यात. सर्व्हर ते सर्व्हर मेल पाठवताना सर्वमान्य कॉम्प्रेशनच नाही, त्यामुळे तिथे ठरवण्यासारखं काही नाही. वेबमेलसाठी एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये जीझिप (तिथलं डिफ्लेट) लेव्हल १ डीफॉल्ट आहे, ती तशीच ठेवा, आणि स्क्रिप्ट-स्टाइलच्या फाइली आधीच दाबून ठेवा, म्हणजे दर वेळी दाबायला नको.

डिस्कवर मेल दाबून ठेवण्याचा निर्णय मात्र स्वतंत्रपणे घ्या, त्याची गल्लत जोडणीवरच्या कॉम्प्रेशनशी करू नका. तिथे हिशेब खूपच सोयीचा आहे. मेल एकदा लिहिली जाते, अनेकदा वाचली जाते, आणि डिफ्लेट उघडणं दाबण्यापेक्षा कितीतरी पट वेगवान असतं. डिस्कवरून कमी बाइट वाचावे लागतात, कॅशमध्ये जास्त मेल मावतात. नव्यानं सुरू करत असाल तर झेडएसटीडी ही नवी दाबण्याची पद्धत घ्या. सिलेसियावर त्याची लेव्हल १ झेडलिबच्या लेव्हल १ पेक्षा थोडी लहान फाइल देते आणि तेही कित्येक पट वेगानं. फाइलसिस्टिम आधीच दाबत असेल तर मेल सर्व्हरला पुन्हा दाबायला लावू नका. आणि दाबलेल्या मेलचा बॅकअप आरसिंक या फाइली नेणाऱ्या प्रोग्रामनं नेताना ‘झेड’ हा पर्याय काढा, दाबलेलंच पुन्हा दाबण्यात प्रोसेसर फुकट जातो.

शाखांच्या तक्रारीत आणखी एक शक्यता आहे. ‘मेल उघडायला वेळ लागतो’ याचं कारण बाइट नसून फेऱ्या असू शकतात. एका फोल्डरसाठी क्लायंट विसांदा सर्व्हरला विचारत असेल आणि प्रत्येक फेरीला ८० मिलिसेकंद लागत असतील, तर दीड सेकंद नुसता वाट बघण्यात गेला, कितीही दाबा. आधी पिंग करून बघा. फेऱ्यांचा त्रास असेल तर आरएफसी ७१६२ मधलं क्यूरिसिंक चालू आहे का आणि क्लायंट ते वापरतो का ते तपासा. ते असेल तर क्लायंट पूर्ण यादी मागण्याऐवजी फक्त बदल मागतो. बाइटही वाचतात, फेऱ्याही, आणि प्रोसेसर जवळजवळ लागत नाही.

तुमच्याकडे मी या क्रमानं जाईन. कॉम्प्रेशन बंद असतानाच एक आठवडा डव्हकॉटच्या लॉगमधल्या लॉगआउटच्या ओळी जमवा. प्रत्येक ओळीत त्या सत्रात किती बाइट आले-गेले ते असतं. शाखांच्या आयपीप्रमाणे बेरीज करा, म्हणजे खरोखर किती माल तिकडे जातो ते कळेल. त्यानंतर शाखा आणि बाहेरच्या जोडण्यांसाठी वेगळ्या पत्त्यावर दुसरा आयमॅप इन्स्टन्स (त्याच सर्व्हर प्रोग्रामची वेगळी प्रत) उभा करा आणि कॉम्प्रेशनची घोषणा फक्त तिथे ठेवा, लेव्हल १. लॅनचे क्लायंट जुन्याच पत्त्यावर राहतील. त्यांना घोषणाच दिसणार नाही, म्हणून ते मागणारही नाहीत. दुसरा इन्स्टन्स नको असेल तर लॅनवरच्या थंडरबर्डच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘यूज कॉम्प्रेस डिफ्लेट’ हा पर्याय बंद करा, कारण कॉम्प्रेशन मागायचं की नाही हे शेवटी क्लायंटच ठरवतो. पण हजार मशीनवर जाऊन ते करण्यापेक्षा दुसरा इन्स्टन्स सोपा. फोन लॅनच्या वायफायवर असले तरी त्यांना बाहेरच्याच पत्त्यावर ठेवा, फोन दिवसातून दहा वेळा जाळं बदलतो.

अशानं कॉम्प्रेशनच्या जोडण्या ८,४०० वरून शाखांच्या हजार आणि फोनच्या २,४०० वर येतील, म्हणजे मेमरी एक गीगाबाइटच्या आसपास. चालू केल्यावर किमान सात दिवस रोज सकाळी दहाला ‘फ्री’ मधली कॅश आणि व्हीएमस्टॅटमधले ते दोन स्तंभ लिहून ठेवा, पहिल्याच दिवशी निष्कर्ष काढू नका. कॅश घटत गेली आणि ‘डब्ल्यूए’ चढत गेला तर मेमरी १६ वरून ३२ गीगाबाइट करा. प्रोसेसरचा प्रस्ताव तेव्हाच लिहा, जेव्हा ‘यूएस’ तासभर सलग ७० च्या वर राहील आणि ‘पर्फ टॉप’ मध्ये ‘डिफ्लेट_फास्ट’ सगळ्यात वर दिसेल.